ट्रंककॉलच्या आक्का

सांगली-साताऱ्याकडं ज्याच्या दुकानात फोन होता, त्या प्रत्येकाला आक्कांचा आवाज ठाऊक होता आणि चेहरा जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हता. टेलिफोन ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. त्या काळी फोन उचलला की पलीकडून आधी ऑपरेटर बाई बोलायची आणि हवा तो नंबर तिला सांगायचा. बाकीच्या बाया ‘नंबर प्लीज’ म्हणत. आक्का म्हणत, “नंबर सांगा.” एवढे दोनच शब्द, पण ते अशा भरदार आणि मायेच्या आवाजात यायचे की नंबर राहू द्यावा आणि घरचं गाऱ्हाणं सांगावं असं वाटे. काहीजण सांगतही. आक्का ऐकून घेत आणि मग लाइन जोडून देत.

त्या आवाजावरून लोकांनी मनात एक उंचपुरी, गोरीपान, ठसठशीत बाई उभी केलेली असायची. खऱ्या आक्का जेमतेम माझ्या खांद्याला लागायच्या. सावळ्या, किरकोळ अंगाच्या, जाड भिंगांचा चष्मा आणि बारा महिने हातात छत्री. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात होतो. एका पेढीवर त्यांनी गुळाचा भाव विचारला, तर आतला व्यापारी एकदम उठला आणि आमच्या डोक्यावरून रस्त्याकडं बघायला लागला. टेलिफोनच्या बाई आल्यात म्हणून तो त्यांना शोधत होता. समोर उभ्या असलेल्या बाईकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. आक्का कोपऱ्यावर येऊन पोट धरून हसल्या. “मला बघितलं की लोकांची निराशा होते. त्यांच्या मनातली बाई झकास आहे, तीच राहू दे.”

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या धंद्यामुळं. मी आणि माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणत असू, सांगलीत औषध फवारायचे पाठीवरचे पंप तयार करायचो. दादाच्या हातात कसब होतं आणि माझ्या तोंडात. तिकडं तासगावच्या बाजूला द्राक्षाच्या बागा वाढत होत्या, प्रत्येक बागाईतदाराला पंप लागणार हे सरळ होतं. पण गावोगाव विक्रेता पाठवायचा म्हणजे एस.टी., जेवण आणि मुक्काम यातच सगळा नफा जायचा. अर्ज करून थकल्यावर आमच्याकडं नुकताच फोन आला होता. तो काळा फोन बघून मला कल्पना सुचली की पंप फोनवरच विकायचे. दादा म्हणाला, “पोरगी बघितल्याशिवाय कुणी सोयरीक करंना, आणि न बघता पंप घ्यायला लोक खुळं हायत व्हय?” मी त्याचं ऐकलं नाही. मी सहसा कुणाचं ऐकत नसे आणि त्यामुळं माझं फारसं कधी बिघडलंही नाही.

मी दारावर पाटी लावली, ‘फोनवर माल विकण्यासाठी माणसे पाहिजेत. पगार नाही. कमिशन चांगले.’ पहिला आला तो टांग्यातून भोंगा घेऊन सिनेमाची जाहिरात करणारा. त्यानं फोन तोंडाशी धरून असा आवाज काढला की शेजारच्या गिरणीतले लोक बाहेर आले. दादा म्हणाला, “ह्येला फोन कशाला पायजे? गच्चीवर हुबा करा, तासगावला ऐकू जाईल.” दुसरा कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवलेला विद्यार्थी. त्यानं ‘सन्माननीय बागाईतदार बंधूंनो’ म्हणून सुरुवात केली आणि परगावच्या ट्रंककॉलची तीन मिनिटं संपली तरी त्याचा पंप काही भाषणात आला नाही. मग एका दुपारी छत्री मिटत आक्का आत आल्या. त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

मुलाखत मी घ्यायची होती, पण घेतली त्यांनी. आमच्याकडच्या बायकांप्रमाणं आक्काही ‘मी येतो, मी करतो’ असंच बोलायच्या.

“पगार नाही म्हणता, ते नक्की ना?”

“नक्की,” मी जरा ओशाळून म्हणालो.

“मग करतो. पगार घेतला की वरच्याला हो म्हणावं लागतं. आजवर पुष्कळ म्हटलं. आता पंप तुमचा आणि आवाज माझा. फोनवर काय बोलायचं, ते मी ठरवणार. चालेल?”

मी लगेच चालेल म्हणालो. दादानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी कारखानाच त्यांच्या नावावर करून दिला होता.

आक्कांची पद्धत बघून सुरुवातीला माझाही जीव वरखाली व्हायचा. बागाईतदाराच्या घरी फोन कुठला असायला? गावात असला तर एक फोन, तोही एखाद्या किराणा दुकानात. आम्ही अमक्याला बोलवा म्हणून सांगायचो आणि तो मळ्यातून येईपर्यंत तीन मिनिटं संपायची. आक्का कुणालाच बोलवायला सांगत नसत. संध्याकाळी डेअरीला दूध घालून लोक दुकानाच्या कट्ट्यावर टेकतात, ती वेळ त्या साधत. तासगावजवळच्या एका गावात बापूचं दुकान होतं. फोनवर आलेला प्रत्येक शब्द कट्ट्याला ओरडून सांगायची बापूला सवय. इकडून आक्का म्हणायच्या, “छाटण्या झाल्या का?” की बापूची आरोळी, “आक्का म्हनत्यात, छाटण्या झाल्या का?” मग तिकडं दहा तोंडांनी उत्तर. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या लेकीचं जमलं, सगळं त्या विचारायच्या. मी समोर बसून घड्याळाकडं बोट दाखवायचो आणि त्या माझ्याकडं पाठ करायच्या. शेवटी वेळ संपता संपता पंपाचं एक वाक्य. “टाकी पितळेची आहे, पाठीला टोचत नाही, ज्याला पाहिजे त्यानं नाव सांगावं.” बापू ओरडायचा आणि नावं यायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आधी त्यांचं ऐकावं. मग आपलं ऐकायला ते मोकळे होतात.”

असल्या कट्ट्यावरच्या विक्रीत एकदा मोठी गंमत झाली. बापूनं ‘आण्णाला एक पंप’ म्हणून सांगितलं आणि आम्ही फक्त ‘आण्णा’ एवढंच नाव टाकून एस.टी.नं पाठवून दिला. त्या गावात गल्लीला एक आण्णा होता. पंप गेला भलत्याच आण्णाकडं. मुंबईच्या गिरणीतल्या जावयानं सासऱ्याला भेट पाठवली असं समजून त्यानं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. खरा आण्णा आठवड्यानं विचारत आला, तेव्हा सगळा घोटाळा उघडा पडला. आक्कांनी फोन लावला. या वेळी पंप मिळालेला आण्णा स्वतः फोनवर आला आणि म्हणाला, “आवं आक्का, पूजा केल्याली वस्तू परत कशी द्यायची? पैशे घ्या, पन ह्यो पंप आता घरचा झाला. आनि जावयाचं नाव काढू नगा, बायको लय खूश हाय त्याच्यावर.” आक्कांनी शब्द दिला आणि तो पाळला. त्या घरात तो पंप कायम जावयाचाच राहिला, आणि आम्ही दुसऱ्या आण्णाला दुसरा पाठवला.

बघता बघता आक्कांच्या आवाजावर तासगाव, इस्लामपूर, उंब्रजपर्यंत पंप जायला लागले. पंप न बघता, आम्हाला न बघता आणि आक्कांनाही न बघता लोक घेत होते. मी मिशीला पीळ देऊन फिरत होतो. आणि ऐन हंगामात आमच्यावर बाका प्रसंग आला.

पंपाच्या आत दट्ट्याला चामड्याचा वॉशर असतो. तो घट्ट बसला तरच दाब धरतो आणि फवारा उडतो. त्या खेपेला चामडं नव्या माणसाकडून घेतलं होतं. कारखान्यात पाणी भरून पाहिलं तेव्हा सगळं ठीक होतं. पण इस्लामपूरहून एक पंप परत आला तो उघडून दादानं वॉशर बाहेर काढला, तर चुना-मोरचुदाच्या औषधात भिजून त्याचा पार लगदा झालेला. म्हणजे त्या चामड्याचे सगळेच पंप आज ना उद्या बंद पडणार. बाहेर आभाळ भरून आलं होतं. छाटणीनंतर असं आभाळ आलं की कोवळ्या घडांवर रोग पडतो, आणि वेळेवर फवारणी झाली नाही तर वर्षाची बाग हातची जाते.

दादा घाबरला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. “ज्येचा बिघडंल त्यो येईल की. आपन त्येला गुपचूप नवा वॉशर दिऊ. फोनवर सांगितलं तर सगळा कट्टा ऐकंल. उद्यापास्नं आपला पंप कुनी दारात उभा करनार न्हाई.”

आक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “दादा, त्यांनी तुमचा पंप बघितलाय कुठं? माझा आवाज ऐकून घेतलाय. बाग गेल्यावर ते आले तर मी काय जोडून देऊ त्यांना?” आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “आवाज माझा, असं ठरलंय आपलं.” मी फोन उचलून त्यांच्यापुढं ठेवला. आयुष्यात मी जे काही बरे निर्णय घेतले, त्यात याचा नंबर फार वरचा आहे.

पहिला कॉल बापूच्या गावाला लागला. एक्स्चेंजमधल्या पोरी आक्कांनीच तयार केलेल्या, पण रांग मोडून लाइन घ्यायची नाही हा त्यांचा नेम त्या दिवशीही सुटला नाही. लाइन मिळाल्यावर त्यांनी म्हैस विचारली नाही की छाटणी विचारली नाही.

“बापू, आमच्या पंपातलं चामडं वाईट निघालंय. औषधात विरघळतंय. नवे वॉशर उद्या पहिल्या एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ देतोय. स्टँडवर माणूस ठेवा. बसवल्याशिवाय कुणी फवारणीला जाऊ नका.”

पलीकडून आरोळी आली नाही. मी फोनला कान लावला होता. बापू पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होता. “आक्का, ह्ये... वरडून सांगू? तुमचंच नाव खराब हुईल.”

“इकताना वरडला होतास नव्हं? मग आता बी वरड,” आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही हलला नाही, पण फोनची वायर त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळून घेतली होती.

बापू ओरडला. “आक्का म्हनत्यात, पंपाचं चामडं वाईट हाय!” पुढचं सगळं त्यानं शब्दन् शब्द सांगितलं. दादानं खाली मान घातली. मग लांबून कुणाचा तरी आवाज आला आणि बापू हसत हसत सांगायला लागला, “आक्का, आण्णा म्हनतोय, माझ्या जावयाच्या पंपाला दोन वॉशर पाठवा. एक बसवतो, एक शिलकीला ठेवतो.” पाठोपाठ सगळा कट्टा हसला. आक्का हसल्या आणि मग त्यांनी छत्रीच्या मुठीवर कपाळ टेकलं. मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण पुढचा कॉल उंब्रजचा होता आणि त्या म्हणाल्या, “बघत काय बसलाय? चामडं कापायला घ्या.”

दादानं आणि मी चांगलं चामडं आणून वॉशर कापले, पुड्या बांधल्या आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात दिल्या. पाऊस आला तोवर बहुतेक पंप पुन्हा दाब धरून होते. त्या वर्षी बागा वाचल्या, आणि पुढच्या हंगामात दादाला हाताखाली माणसं घ्यावी लागली. कुणी पंपाची चौकशी केली तर तो स्वतःच सांगायचा, “आमच्या आक्का आमचंच वाईट वरडून सांगत्यात. आनि काय पायजे?”

पुढं साताऱ्याला आक्कांची धाकटी बहीण एकटी पडली आणि त्यांनी तिच्याकडं जायचं ठरवलं. शेवटचे फोन त्यांनीच केले आणि निघायचा दिवस सांगितला. मी त्यांना पोचवायला सांगलीच्या स्टँडवर गेलो, तर बापू आणि त्याच्या गावची माणसं द्राक्षांच्या करंड्या घेऊन उभी होती. एकानंही आक्कांना कधी पाहिलेलं नव्हतं. ते प्रत्येक उंच, गोऱ्या बाईकडं आशेनं बघत होते. एका करंडीचा धक्का तर आक्कांनाच लागला आणि तो माणूस “सरका जरा मावशी” म्हणून पुढं गेला. मी हाक मारणार होतो, पण आक्कांनी माझा हात दाबला. त्यांना थोडा वेळ ती मजा बघायची होती. मग सातारा गाडी लागली, तशा त्या छत्री टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “नंबर सांगा.”

सगळे जागच्या जागी थांबले. करंड्या खाली ठेवल्या गेल्या. बापूनं त्या एवढ्याशा बाईकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. निराशा कुणाच्याच तोंडावर दिसली नाही.

गाडी सुटताना आक्का खिडकीशी आल्या. त्या घरघराटात त्यांचं बोलणं फक्त खिडकीला धरून चालणाऱ्या बापूला ऐकू गेलं असेल. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तसा तो मागं वळला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “आक्का म्हनत्यात, आभाळ आलंय, बागंला जपा!”