कपारीतली आगटी

मी त्याला सांगितलं नव्हतं. हे वाक्य आजवर कुणापाशीही माझ्या तोंडून निघालेलं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. उलट, सांगितलं होतं असंच मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आलो.

आम्ही तिघं वसतिगृहापासूनचे मित्र. तिथं एकाच नावाची पोरं फार, म्हणून गावावरून हाक मारायची सवय लागली, ती पन्नाशी जवळ आली तरी सुटली नाही. एक ढोकी, एक माकणी आणि मी लोहारा. ढोकी शेतकरी. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. माकणी धनगराच्या घरातला. बाप मेंढरं घेऊन बालाघाटाच्या डोंगरात फिरायचा, याचं लहानपण त्याच्यामागंच गेलं. आता नोकरी करतो, पण डोंगर दिसला की चाल बदलते. मी शाळेत शिकवतो. कमी बोलतो. भित्रा म्हणून वसतिगृहापासूनच प्रसिद्ध.

बालाघाटाच्या रांगेतल्या आमच्याकडच्या सगळ्यात उंच टोकावर जायचं, हे ढोकीनं काढलं. पौष महिना, ज्वारी हुरड्यात आलेली. हुरडा आम्ही शेतातच खातो. बांधाशेजारी खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं भाजायची, गरम गरम तळहातावर चोळायची. यंदा ते डोंगरावर करायचं, असा त्याचा हट्ट.

"एवढ्या उंचावर हुरडा खाल्लेला एक तरी माणूस दाखव जिल्ह्यात," तो म्हणाला. "आपण पहिले."

"आधी तुझं पोट वर चढू दे," माकणी म्हणाला. "हुरडा मागनं चढंल."

सकाळी ढोकीची गाडी पायथ्याच्या वस्तीवर लावली आणि निघालो. कणसांची पिशवी आणि लसणाच्या चटणीचा डबा ढोकीकडं, कुणाला हात लावू देईना. माकणीच्या खांद्यावर बापाची घोंगडी. अर्ध्या चढावर ढोकी मागं पडला. दर दहा पावलांवर कमरेवर हात ठेवून उभा.

"नजारा बघतोय रे!" खालून ओरडला.

"लई बघू नको, संध्याकाळ व्हईल," माकणीनं उत्तर दिलं. मग वर बघता बघता त्याची चेष्टा थांबली.

"टोकाच्या खाली ती कपार दिसती का?" तो हळू आवाजात म्हणाला. "तिथं आग्या मोहोळ हाय. सुपाएवढं. आगटी वर माळावरच करायची. कपारीत धूर गेला तर खेळ खलास. मी म्होरं जाऊन आगटीला रानशेण्या, रानातलं वाळकं शेण, गोळा करतो. तू त्याच्यासंगं ये, आन् त्याला सांग."

"सांगतो," मी म्हणालो. तो गेला.

ढोकी धापा टाकत आला. "काय कुजबुज चालली हुती?" मी सांगणारच होतो. पण तोच पुढं म्हणाला, "तोंड का उतरलंय, लोहारा? साप दिसला का?" आणि खो खो हसला. मला वाटलं, मोहोळाचं काढलं की हा दिवसभर मला मोहोळावरून पिडणार, गावात जाऊन चार जणांना सांगणार. वर गेल्यावर माकणी सांगेलच, असं ठरवून मी गप्प राहिलो. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

वर वारा होता. माकणीनं रानशेण्यांचा एक ढीग आणून टाकलेला, घोंगडी तिथंच ठेवून तो आणखी शेण्या आणायला पलीकडच्या उतारावर गेलेला. ढोकीनं तीन काड्या ओढल्या, तिन्ही विझल्या. मी फोटो काढत होतो. खाली सगळं रान पसरलेलं, लांब पाण्याची पट्टी चमकत होती, ती फोटोत मावत नव्हती.

"वारं टिकू देईना," ढोकी म्हणाला. "खाली कपारीत आडोसा हाय. तिथं करू का?"

"कर," मी म्हणालो.

मला नीट ऐकू आलं होतं. कपार हा शब्दही ऐकू आला होता. तरी त्या क्षणी मोहोळ माझ्या डोक्यात नव्हतं. माणसाच्या डोक्यातून अशी गोष्ट निघून कशी जाते, हे मला आजही कळत नाही.

आधी धूर दिसला. मग विहिरीवरची मोटार सुरू व्हावी तसा आवाज. ढोकी ओरडत वर आला. त्याच्या डोक्यावर, मानेवर काळं काहीतरी हलत होतं, चेहरा दिसतच नव्हता. मी गवतात पालथा पडलो, मान हातांनी झाकली. तो माझ्या आसपास सैरावैरा पळत होता आणि "लोहारा, लोहारा" करत होता. मी मान वर केली नाही. पळत आला तो माकणी. त्यानं घोंगडी उचलून ढोकीवर टाकली, त्याला खाली पाडलं आणि स्वतः वर पडून राहिला.

आरडाओरडा ऐकून चढून आलेल्या वस्तीवरच्या माणसांनी घोंगडीतूनच त्याला खाली आणलं. माकणीचे दोन्ही डोळे सुजून मिटलेले, म्हणून गाडी मी चालवली. मला स्वतःला अकरा डंख. मागच्या सीटवर ढोकीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, दवाखान्याच्या दारात तो वाजायचा थांबला.

दुपारपर्यंत त्याची बायको आली. व्हरांड्यात माकणी भिंतीला टेकून बसला होता. त्याला काही दिसत नव्हतं. माझ्या आवाजाकडं तोंड करून त्यानं विचारलं, "तू त्याला सांगितलं हुतंस न्हवं?"

"सांगितलं. ऐकलं न्हाय त्यानं."

एवढं सहज निघालं. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. वहिनी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं, आणि म्हणाल्या, "कवा ऐकलं हो त्यांनी कुणाचं?" त्यानंतर त्या रडल्या नाहीत. रागानं बसून राहिल्या. तो राग अजून आहे. "दोन पोरींचा तरी इचार करायचा," असं भिंतीवरच्या फोटोकडं बघून म्हणतात.

माकणी म्हणतो, "म्याच थांबून सांगाया पायजे हुतं." तो पुन्हा डोंगरात गेलेला नाही.

परवा चौथ्या वर्षाच्या श्राद्धाला थोरलीनं माझं पान वाढलं. "काका, पप्पांनी तुमचं ऐकलं असतं तर आज असते ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली आणि वाढलेलं सगळं जेवलो.

वहिनींसमोर आणि दोन्ही पोरींसमोर बसून मला सांगायचं आहे की त्याला मोहोळाचं कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानं विचारलं तेव्हा कर म्हणणारा मी होतो. माकणीला सांगायचं आहे की त्यानं वेळेत सांगितलं होतं, पुढं पोचवलं नाही ते मी. इथं लिहिलं म्हणून ते फिटत नाही. त्या चौघांचं एवढं देणं माझ्याकडं अजून बाकी आहे.