कुंपणावरचा हालो

आमच्या कोचांइतक्या मॅचेस हरून त्यांच्याइतक्या रुबाबात मैदानाबाहेर पडणारा माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात दुसरा सापडायचा नाही. उत्तर गोलार्धाची खात्री मी देत नाही, कारण तो त्यांनी तरुणपणीच सोडला. मेलबर्नजवळच्या वेरिबीत आमच्या भिंतीला भिंत नसली तरी कुंपणाला कुंपण लावून राहणारे हे सत्तरीचे जर्मन गृहस्थ माझे शेजारी आणि पस्तिशी ओलांडलेल्यांच्या आमच्या फुटबॉल टीमचे कोच, असे दोन्ही आहेत. त्यामुळे शनिवारी मैदानात खाल्लेल्या शिव्यांची उजळणी रविवारी कपडे वाळत घालतानाही होते. मॅच हरलो की आम्ही माना खाली घालून बूट सोडत असतो आणि हे हात मागे बांधून, एखादं राज्य जिंकून आल्यासारखे आमच्यासमोरून फिरतात. मग थांबून गंभीरपणे म्हणतात, "आज आपण फार चांगले हरलो." गेल्या आठवड्यापेक्षा एक गोल कमी खाल्लेला असतो, त्याचा हा सत्कार.

जन्म जर्मनीतल्या कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातला. वडील खाणीत, काका खाणीत, हे मात्र मैदानात उतरले आणि दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये बचावफळीत खेळले. साऱ्या कारकिर्दीत त्यांनी डोक्याने एकच गोल मारला. कुणाच्याही घरी जेवायला गेले की त्याचं प्रात्यक्षिक होतं, चेंडू म्हणून लिंबू, बटाटा किंवा यजमानीण बाईंनी नुकताच वळलेला लाडू वापरून. "चेंडू असा आला, मी असा उडालो, मान अशी वळवली. गोलकीपरला हलायलासुद्धा वेळ मिळाला नाही." गोलकीपर आपलाच होता, ही माहिती टाळ्या थांबल्यावर मिळते. पुढे एका हंगामाच्या करारावर ऑस्ट्रेलियात आले. हंगाम संपायच्या आत उजवा गुडघा गेला, पाठोपाठ क्लबही गेला, पण ज्या नर्सने गुडघा बांधला तिच्याशी लग्न झालं आणि कोच इथलेच झाले. ती बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गुडघा मात्र अजून त्यांच्याबरोबर आहे आणि चालताना सगळ्या गल्लीला ते कळतं.

कोच म्हणून त्यांना जितक्या क्लबांनी काढलं, तितके क्लब मेलबर्नच्या पश्चिमेला आहेत हे मला त्यांच्याकडूनच कळलं. गंमत म्हणजे त्यातला प्रत्येक क्लब त्यांना नाताळच्या बार्बेक्यूला अजून बोलावतो. दोष एकच. बाकावर बसलेला माणूस त्यांना बघवत नाही. ज्याला तीन आठवडे खेळायला मिळालं नाही त्याला ते ऐन मोक्याला आत पाठवतात आणि तो ऐन मोक्याला पडतो. आमची नावं त्यांना येत नाहीत. वसईचे, पुण्याचे, लुधियानाचे, आम्ही सगळे नुसते नंबर. मी डावा बॅक म्हणून नंबर थ्री, माझी बायको मिसेस थ्री आणि माझी मुलगी, अंकगणिताला शोभेल अशी, थ्री पॉइंट वन. सुरुवातीला तर ते 'चल' नावाच्या खेळाडूवर फार नाराज होते. एकदा मध्यंतरात त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "हा चल कोण आहे? सगळे त्याला हाका मारतात, आणि हा एकदाही चेंडूजवळ येत नाही." चल म्हणजे पुढे हो, इतकंच, हे समजावल्यावर ते म्हणाले की मग आपल्या टीममध्ये चल नाहीच, हे माझं म्हणणं बरोबरच होतं.

मग लॉकडाऊन आलं. मैदानाला कुलूप, गोलपोस्टला पिवळ्या फिती, घरापासून पाच किलोमीटरची हद्द आणि व्यायामाला दिवसाचा एक तास. हरायलासुद्धा कुणी मिळेना, त्यामुळे कोच सुकत चालले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, तेही पुढे ढकललं गेलं. आणि नेमकी त्याच वेळी माझी आई आमच्याकडे अडकली. वसईहून तीन महिन्यांसाठी आलेली, सीमा बंद झाल्या आणि राहिली. त्यात एका सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ढकलत न्यायला गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण तिने पडण्याचा असा धसका घेतला की खुर्ची सोडेना. फिजिओथेरपिस्ट लॅपटॉपवर यायची, आई तिला बातम्या देणारी बाई समजून मान डोलवायची आणि जागची हलायची नाही. एकीकडे हट्ट असा की विमानतळावर व्हीलचेअर चालणार नाही. "घरून चालत निघाले, घरी चालत जाणार. मला ढकलत आणलेली बघून अख्ख्या आळीत म्हणतील, पोराने ऑस्ट्रेलियाला नेऊन बसवली हिला." डॉक्टरांनी मला स्पष्टच सांगितलं होतं की आता दोन-चार महिन्यांत चालली तर चालली, नाहीतर खुर्ची कायमची.

मिनतवाऱ्या करून मी तिला सकाळी वॉकर धरून मागच्या अंगणात उभी करू लागलो. तिसऱ्या पावलाला कुंपणावरून डोकं वर यायचं. पांढरे केस, निळा मास्क, आणि मास्कच्या आत शिट्टी. कोच दुधाच्या क्रेटवर उभे असायचे. शिट्टी वाजली की मास्क बेडकाच्या गळ्यासारखा फुगायचा, आणि पाठोपाठ खणखणीत आवाज यायचा, "हालो!" की आई जागच्या जागी थबकायची.

रोज हेच. ती जरा पावलं टाकू लागली की डोकं वर, हालो, आणि आई थांबली. मला वाटायचं, दचकते. एक दिवस तीच कौतुकाने म्हणाली, "शेजारचा म्हातारा चांगला आहे हो. मराठी बोलतो."

मी विचारलं, काय बोलतो?

"रोज सांगतो ना, हालू, हालू. पडशील म्हणून काळजी करतो बिचारा. पण बोलतो मात्र आपल्या बंदरावरच्या मासळीवाल्यांसारखा, ळ नाही येत त्याला." मग जरा थांबून, "जर्मनीत कोळीवाडा आहे का रे?"

मी वाफ्यात बसलोच. आमच्या बंदरावर डोळ्याला डोला म्हणतात आणि काळ्याला काला, तेव्हा हळूचं हालू होणारच. जर्मनीचा नमस्कार माझ्या आईने बंदरामार्गे ऐकला होता. बरं, तिने आज्ञाही इमानाने पाळली होती. ते जितक्या उत्साहाने नमस्कार करीत, तितकी ती हळू होई.

मी हे सांगायला कुंपणाकडे गेलो तर कोचच तक्रार घेऊन उभे. "नंबर थ्री, तुझी मामा मला उत्तर देत नाही. मी हालो म्हणतो आणि ती पुतळा होते. मी काही चुकलो का?" आईला ते मामा म्हणायचे, जर्मनीत तशी पद्धत आहे. आईला यावर एवढंच विचारायचं होतं की मग तिच्या भावाला हा काय म्हणणार. मी त्यांना हळूचा अर्थ सांगितला. मला वाटलं, हसतील. ते क्रेटवरून खाली उतरले. कुंपणापलीकडून फक्त आवाज आला, "म्हणजे तिला मीच थांबवत होतो."

दुसऱ्या सकाळी डोकं वर आलं. शिट्टी नाही, हालो नाही. आईने तीन पावलं टाकली, सवयीने थांबली आणि वर पाहिलं. कोचांनी मास्क सारखा केला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "चल, मामा."

आई चौथं पाऊल टाकून मोकळी झाली आणि मग घाबरली.

त्यानंतर आमच्या अंगणात जे सुरू झालं त्याला फिजिओथेरपी म्हणणं कठीण. वॉकर बघून कोच आधी हसले होते, "हे काय, गोलपोस्टचं पिल्लू?" आता त्यांनी त्याचा खरोखर गोलपोस्ट केला. कुंपणावरून चेंडू यायचा, मी तो अलगद ढकलायचा, आईने एका पायावर तोल सांभाळून दुसऱ्याने परतवायचा. पहिल्यांदा तिने नुसता झगा वर धरला आणि पाय मागे घेतला. कोच म्हणाले, फार चांगली हरलीस. हे भाषांतर करून सांगितल्यावर तिला राग आला, आणि रागाच्या भरात पुढचा चेंडू तिने असा हाणला की तो माझ्या टोमॅटोंमध्ये गेला. ती दोन्ही हात सोडून उभी आहे हे तिच्या लक्षात यायच्या आत कोचांनी क्रेटवर उडी मारली, गुडघा धरला आणि जर्मन भाषेत काहीतरी म्हणाले. त्याचं भाषांतर मी करून घेतलं नाही.

अंगणातून लेटरबॉक्सपर्यंत, लेटरबॉक्सपासून गल्लीच्या टोकाच्या निलगिरीपर्यंत अशी आईची हद्द वाढत गेली. एका तासाच्या व्यायामात पुढे ती आणि रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून लंगडत कोच. चल, मामा. आई म्हणायची, याला सांग, मामा नको म्हणू. पण एखाद्या दिवशी ते दिसले नाहीत तर चप्पल घालायची नाही.

सीमा उघडल्या आणि तिचं तिकीट काढलं. विमानतळावर एक सज्जन मुलगा व्हीलचेअर घेऊन आलाच. कोचांनी शर्टाच्या खिशातून लाल कार्ड काढलं आणि खुर्चीला दाखवलं. मुलगा हसला आणि खुर्ची बाजूला घेतली. आई एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात नुसती काठी घेऊन निघाली. मागे वळून बघितलं नाही, कारण वळताना तोल जातो हे तिला कोचांनीच शिकवलं होतं. कोचांच्या मास्कमध्ये शिट्टी होती, पण ती वाजली नाही. गाडीत बसल्यावर फक्त म्हणाले, "आज जिंकलो." त्या वाक्याची सवय नसल्यामुळे त्यांना पुढे काय म्हणायचं ते सुचेना.

आता मैदान उघडलंय. आम्ही पुन्हा चांगले हरतो. मागच्या महिन्यात एकदाचा कोचांच्या गुडघ्याचा नंबर लागला. घरी आल्यावर दोन दिवस त्यांनी पडदासुद्धा उघडला नाही. माझ्या गॅरेजमध्ये आईचा वॉकर पडून होता, तो मी त्यांच्या दारात ठेवून आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. ते पिल्लू दोन्ही हातांनी धरून कोच बाहेर आले, आणि कुणी पाहत नाही अशा समजुतीने मैदानात धावत जायच्या थाटात भलतीच मोठी पावलं टाकू लागले. मी तेव्हा व्हिडिओ कॉलवर आईशी बोलत होतो. ती वसईला आमच्या ओटीवर बसली होती, मागे विहिरीचा पंप चालू होता. मी फोन त्यांच्याकडे फिरवला.

आईने डोळे बारीक करून पाहिलं. मग तिथून, आमच्या बंदराच्या थेट उच्चारात, ती ओरडली, "हालो, मामा!"

एवढी वर्षं ही हाक आली की कोचांचा हात आपोआप वर जायचा. या वेळी हात वॉकरवरच राहिला. ते क्षणभर थांबले, आणि पुढचं पाऊल त्यांनी हळू टाकलं.