फुलांचे दागिने घालूनच इंजेक्शन घेतलं

मैत्रिणींनो, दवाखान्याच्या खाटेवरून लिहितेय. आज माझं डोहाळजेवण होतं. नटून बसले, तर डोकं भयंकर दुखायला लागलं. तशीच तपासायला आले.

"बीपी फार वाढलंय. बाळ लवकर काढावं लागेल. त्याच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन आजच सुरू करू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, "दर्यापूरचे पाहुणे निंगाले ना! ओटी भरू दे, इंजेक्शन उद्या घेजो."

मी म्हटलं, "नाही आई, ओटी उद्या भरा. पोटात आहे तोवर त्याच्यासाठी मी श्वास घेतो. बाहेर आल्यावर त्याचा त्यालेच घ्या लागन."

घेतलं इंजेक्शन. सासूबाई रुसल्यात. रुसू द्या.

तुमच्या घरी कोणाला थांबवलं असतं, पाहुण्यांना की इंजेक्शनला?