टाचणीबाई डोळे मिटतात

शिवणकाम करताना ओठांत सदा टाचण्या, म्हणून सगळी आळी त्यांना टाचणीबाई म्हणायची. कान गेले ते एका तापात, सून घरात येण्याच्या आधीच. त्यामुळे सुनेचा चेहरा तोंडपाठ, आवाज मात्र ठाऊक नाही. ओठ वाचण्यात त्या पटाईत होत्या, आणि भांडण रंगात आलं की सरळ डोळे मिटून घ्यायच्या. संपलं भांडण. मग सून ओट्याकडे तोंड करून उरलेलं बोलून घ्यायची. टाचणीबाई किलकिल्या डोळ्यांनी तिचे खांदे हलताना बघायच्या. ही माझ्या पाठीमागे बोलते तरी काय? कानाच्या ऑपरेशनला त्या तयार झाल्या ते मुख्यतः एवढ्याचसाठी. तसं सांगितलं मात्र कुणाला नाही.

जखम भरल्यावर सून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या ताईंनी कानामागे यंत्र अडकवलं. त्याला वायरने जोडलेली बटणासारखी चकती केसांतून डोक्याला चिकटली. चकतीत एक लोहचुंबक होतं, दुसरं कातडीखाली आधीच बसवलेलं होतं. आज सगळे आवाज विचित्र येतील, सवय व्हायला वेळ लागेल, असं ताईंनी लिहून दाखवलं आणि यंत्र सुरू केलं.

आधी नुसती टिकटिक. मग कुणी तरी पोतंभर चिमण्या डोक्यात ओतल्या. ताई बोलल्या ती शिट्टी, खुर्ची सरकली तीही शिट्टी. "अगं बाई," टाचणीबाई म्हणाल्या, तर त्यांच्याच तोंडून रबरी बदक ओरडलं. त्या हसल्या, बदकही हसलं, मग दोघांनाही थांबता येईना. परतीच्या वाटेवर त्यांनी पिशवी चुरगाळून पाहिली, चपला फरफटवल्या, एका परक्या फाटकाची कडी वाजवली. सुनेने दंडाला धरून समोर वळवलं आणि लोक बघतायत म्हणून बजावलं. बघू देत, त्या म्हणाल्या, मी कुठे बघतेय.

घरी सून ओट्याकडे वळली आणि सवयीने पाठमोरीच काहीतरी पुटपुटली. खांदे हलले, तशी शिट्टी वाजली. शब्द एकही कळला नाही.

"काय म्हणालीस?"

सुनेच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. टाचणीबाईंना वाटलं, काय ऐकावं लागणार कोण जाणे. उगाच काही तरी शोधल्यासारखं करत त्या शिलाई मशीनवर वाकल्या, तर चकती खट्‌कन सुटून मशीनच्या लोखंडाला जाऊन चिकटली. जग बंद.

आता सुनेला हवं ते बोलता आलं असतं. ती आली, चकती ओढून काढली, तिला लोंबणाऱ्या टाचण्या झटकल्या आणि सासूच्या केसांत चाचपडत ती जागेवर बसवली. मग ओठ दिसतील अशी समोर उभी राहिली.

"रोज तेच म्हणते. हिला एकदा ऐकू येऊ दे, मग मी हिच्याशी पोटभर भांडणार आहे."

टाचणीबाई खुर्चीवर ऐसपैस टेकल्या.

"कर सुरू," म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.