गेटखालची फट

सकाळी फिरायला निघतो तो बाजी. मी नुसता साखळी धरून त्याच्या मागे फरफटत असतो. बाजी कारवानी कुत्रा, सशामागे धावायलाच जन्मलेला, आणि मी गुडघेदुखीचा माणूस. खार दिसली की तो असा झेपावतो की माझा खांदा निखळायला येतो. म्हणून आता त्याच्याआधी मलाच सगळं दिसतं, कुंपणावरची खार, स्कूटरखालचं मांजर. रस्त्यावरची झाडं कधी फुलली, ते मात्र दिसलेलं आठवत नाही.

सगळ्यात अवघड जागा कुंदाताईंच्या गेटची. खालच्या फटीतून त्यांची म्हातारी मनी बाहेर बघत बसायची. साखळी वाजली की ताई आतून ओरडायच्या, "थांबा हो, उचलते तिला!" तोवर मी दोन्ही हातांनी बाजीला आवरून धरायचो. सहा वर्षं रोज हेच.

मागच्या आठवड्यात मनी म्हातारपणाने गेली. तरी बाजी तिथे थांबतोच. फटीला नाक लावून थरथरत उभा राहतो. आज मी वैतागून त्याला ओढलं. "चल रे, नाहीये ती आता."

ताई पायरीवर चहा घेत होत्या. म्हणाल्या, "राहू द्या हो थोडा वेळ. घरात सगळे म्हणतात, दुसरं पिल्लू आणू. तिचीच वाट बघणारा हा एकटाच उरलाय."

वाट काय फक्त मायेनेच बघतात, असं थोडंच आहे? मी साखळी सैल सोडली. त्या गेटपाशी माझे हात पहिल्यांदाच मोकळे होते, आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही.