वाकळीचं पोट

कुसाबाई दोंद्यांच्या घरात सात खुंट्या होत्या. भिकन दोंदे रेल्वेच्या गँगमनच्या नोकरीतून सुटले, त्या वर्षी त्यांनी त्या स्वतः ठोकल्या. एकीवर आपली टोपी राहील असं त्यांना वाटलं होतं. पण आठवडाभरात सातही खुंट्यांवर गाठोडी आली आणि टोपी डोक्यावरच राहिली.

गाठोडी नाशिकरोडच्या घराघरांतली. विरलेली लुगडी, गुडघ्यात गेलेली धोतरं, पोरांचे आखूड झालेले झगे. महिना-दोन महिन्यांनी त्यांची वाकळ होऊन परत जाई. कॉलनीतल्या बायका तिला गोधडी म्हणत. कुसाबाई मूळच्या घोटीकडच्या, त्या वाकळच म्हणत.

त्यांची शिवण बाहेरून आत जायची. आधी चारही काठ, मग धावदोऱ्याचा एकेक फेरा आत आत, चौकोनात चौकोन, शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरेपर्यंत. त्या जागेला त्या पोट म्हणत. तिथे घरच्यांना ज्याची माया असेल तो तुकडा बसायचा. त्याच्याखाली भाकरीचा नखाएवढा कण ठेवायचा आणि मग मिटायचं. वाकळ उपाशी ठेवू नये, असं त्यांची आई सांगे.

आणखी एक नेम होता. ज्या घरचं कापड त्या घरीच परत. चार बोटांची चिंधी उरली तरी ती गाठोड्यात बांधून जायची. अंगावरचं कापड परक्याच्या घरात राहिलं, तर त्याचं कोणी काही करील, अशी बायकांना धास्ती असे. कुसाबाईंच्या घराने छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर असल्या सगळ्या धास्ती सोडून दिल्या होत्या. पण गिऱ्हाइकाची धास्ती गिऱ्हाइकाची, ती आपण जपायची, असं त्या मानत. सतरा वर्षांत एकीचीही चिंधी दुसरीकडे गेली नव्हती. बायका त्यांच्या हाती मेलेल्या माणसांचे कपडे देत त्या एवढ्यावर.

ऐंशी सालापासून त्यांच्या डोळ्यांवर साय धरू लागली. आधी तपकिरी आणि जांभळा एक झाले, मग हिरवा आणि काळा. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खुंट्या रिकाम्या झाल्या असत्या. त्यांनी गाठोड्यांना गाठी ठरवल्या. हिची एक गाठ, तिच्या दोन, पलीकडचीच्या तीन. बोटांनी गाठी मोजायच्या आणि हात घालायचा. दोन वर्षं ते निभावलं. मग एका सकाळी त्या उंबऱ्याला अडखळल्या आणि घराला कळायचं ते कळलं.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत धर्मादाय दवाखान्याच्या शिबिरात त्यांचं नाव लागलं. सोमवारी मोतीबिंदू काढायचा. तोवर एकेक गाठोडं घरोघर पोचवून खुंट्या मोकळ्या करायच्या, असं त्यांनी ठरवलं.

"डोळे आले तर नव्यानं सुरू करू," त्या सुनेला म्हणाल्या. "नाय आले, तर कोणाची चिंधी या घरात अडकून नको."

आदल्या मंगळवारपर्यंत सहा गेली होती. राहिली होती विमलाबाईंची.

विमलाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांची आई पावसाळ्यात गेली. आईचे सगळे जुने कपडे त्यांनी वाकळीसाठी दिले होते आणि शेवटी एक तुकडा कुसाबाईंच्या हातात वेगळा ठेवला होता. जांभळ्या लुगड्याचा, रुईफुली काठाचा. "एवढाच राहिलाय," त्या म्हणाल्या होत्या. "पोटात घाला."

वाकळ पोटापर्यंत आली होती. कुसाबाईंनी एका गाठीचं गाठोडं सोडलं, आतला एकुलता तुकडा काढला, त्याच्या काठावरून अंगठा फिरवला आणि थांबल्या.

"यशोधरा, इकडं ये जरा. ह्याचा रंग काय?"

यशोधरा, त्यांची सून, तांदूळ निवडत होती. ती सुपासकट उठून आली. "हिरवा, आत्या. गर्द हिरवा."

"जांभळा नाय?"

"नाय वो. जांभळं कुठं यात?"

हिरवा तुकडा दोन गाठींच्या गाठोड्याचा, सगुणाबाईंचा होता. त्यांची वाकळ तर गुरुवारीच पुरी होऊन गेली होती. कुसाबाईंनी रिकाम्या फडक्याची टोकं चाचपली.

"गाठोडी कोणी सोडली व्हती का मधी?"

"मी," यशोधरा म्हणाली. "दोनच राहिली व्हती तवा. उंदराचा वास मारत व्हता, म्हणून दोन्हीतलं उन्हात टाकलं. परत बांधलं की लगेच."

"गाठी?"

"घट्ट बांधल्या. एकाची टोकं लांब उरली, त्याला दोन मारल्या." मग तिच्या आवाजातला धीर गेला. "का वो? काय झालं?"

"तुझं काय नाय," कुसाबाई म्हणाल्या. "मी सांगितलंच नव्हतं तुला गाठींचं."

त्यांना गुरुवार आठवला. दोन गाठींचं गाठोडं सोडून त्यांनी तुकडा पोटावर ठेवला, तेव्हा अंगठ्याखाली काठ खरखरला होता. सगुणाबाईंच्या तुकड्याचा काठ इतका उठावदार नव्हता. बोटं सांगत होती. त्यांनी गाठीवर भरवसा ठेवला. आणि सगुणाबाईंची लेक शेवंता बाळंतपण उरकून तान्ह्या पोराला घेऊन, ती वाकळ घेऊन, रविवारी घोटीला सासरी गेली होती.

भिकन दारात बसून ऐकत होते.

"मास्तरीणबाईंना सांग, तुकडा उंदरानं खाल्ला. घोटीला कोण बघायला जातंय?"

"आणि सोमवारी डोळ्याला पट्टी बांधल्यावर मी काय बघत पडू? तेच दिसंल."

भिकननी बिडी विझवली. "सकाळची पॅसेंजर हाय," ते म्हणाले.

त्या वाटेवर त्यांची एकतीस वर्षं गेली होती. गाडीत ते खिडकीकडे बोट करून बोलत राहिले, बायकोला दिसत नाही हे ठाऊक असून. आता लहवित. आता दारणा. हितं मला साप आडवा गेला व्हता. आता भातखाचरं लागली, मोकळी हायेत सगळी. कुसाबाई हिरवा तुकडा पदराच्या टोकात बांधून, त्यावर हात ठेवून बसल्या होत्या. उजेड आणि सावली तेवढी चेहऱ्यावरून जात होती.

"काय म्हणशील तिथं?" भिकननी विचारलं.

"झालं ते."

"आणि त्यांनी ओरडा केला तर? नाशकापर्यंत यायला वेळ नाय लागत. मग कोण देतंय तुला कापड?"

"नाय देणार," कुसाबाई म्हणाल्या.

शेवंताची सासू धोंडाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिने दोघांना ओट्यावर बसवलं, वरून ओंजळीत पाणी ओतलं आणि पुन्हा मिरच्यांकडे वळली. कुसाबाईंनी पाणी पिऊन तोंड पुसलं आणि बसल्याबसल्या सगळं सांगितलं. गाठी, ऊन, काठ. आपल्या डोळ्यांचंही सांगितलं. शेवंता पोराला मांडीवर घेऊन दाराच्या आतल्या बाजूला येऊन बसली होती.

धोंडाबाईचा मिरच्या पसरणारा हात थांबला.

"म्हंजे मेलेल्या बाईचं कापड माझ्या नातवाच्या अंगावर."

"व्हय."

"कशानं गेली?"

"वयानं. ब्याऐंशी वर्षांची व्हती."

"पोरंबाळं?"

"नातवंडांची लग्नं बघून गेली."

धोंडाबाईने दोन मिरच्या उलट्या केल्या. "मग काय एवढं," ती म्हणाली. "अशीच लागावी पोराच्या अंगाला. पण काढा. तिच्या लेकीचा जीव त्यात असंल." मग तिला दुसरंच सुचलं. "पर तुम्हाला दिसत नाय म्हणता. उसवणार कशा?"

"घातला तो न बघताच. काढायला कशाला बघाया लागतंय?"

धोंडाबाई हसली नाही, पण वाकळ तिने स्वतः बाहेर आणली आणि ओट्यावर उन्हात पसरली.

बाहेरून आत शिवत गेल्यामुळे शेवटची गाठ मधेच होती. कुसाबाईंना ती नखाने लगेच सापडली. एखाद्याने काठाचा तुकडा मागितला असता, तर सगळी वाकळ उसवावी लागली असती. पोटाचं तसं नव्हतं. सुईच्या टोकाने त्यांनी एकेक टाका वर उचलला, कापड ओढू दिलं नाही, दोरा तुटू दिला नाही. निघालेला दोरा त्या डाव्या हाताच्या बोटावर गुंडाळत गेल्या. सहा फेरे निघाले. तुकडा सुटला. त्याच्या खाली ठेवलेल्या बाजरीच्या भाकरीचा भुगा झाला होता, तो त्यांनी ओट्याखाली झटकला. मग त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. एकेक रुईफूल जागच्या जागी होतं. छातीवर कोणीतरी ठेवलेला हात उचलावा तसं त्यांना झालं.

त्यांनी पदर सोडला आणि हिरवा तुकडा पोटावर मांडला.

"हे कोणाचं?" धोंडाबाईने विचारलं.

"सगुणाबाईंचं. शेवंताच्या आईचं."

"म्हंजे आमच्या घरात मधोमध विहीणबाई."

शेवंताने पोराच्या टोपड्यात तोंड लपवलं. धोंडाबाई आत गेली. कापड टरकल्याचा आवाज आला आणि ती आपल्या जुन्या लुगड्याचा तांबडा तुकडा घेऊन बाहेर आली.

"हे बी घाला."

"कुठं?"

"तिथंच. मधी."

"पोट एकच हाय, बाई."

"मग बघा कसं बसवायचं ते. काठाला नको मला."

कुसाबाई विचार करत राहिल्या. तोवर शेवंता दारातून म्हणाली, "दोघींना शेजारी शेजारी बसवा, मावशी. भांडल्या तर मी हायेच मधी निजलेली."

"बघितलं?" धोंडाबाई भिकनना म्हणाली. "तीन महिने माहेरी ऱ्हाऊन आली, तर बोलायला शिकून आली."

तसंच झालं. निम्म्यात हिरवा, निम्म्यात तांबडा. दोन्ही तुकड्यांचं उरलेलं कापड कुसाबाईंनी कापलं नाही. चिंधी उरली की ती परत कोणाकडे द्यायची हा प्रश्न नको. त्यांनी ते दुमडून आतच घातलं, त्यामुळे पोट जरा जाड झालं. मिटण्याआधी त्यांनी हात पुढे केला. धोंडाबाईला सांगावं लागलं नाही. तिने चुलीजवळची तांदळाची भाकरी आणून कण मोडून दिला. निघालेल्या दोऱ्यानेच सहा फेरे पुन्हा पडले.

निघताना चहा आला, तो कपांत आला, घरातल्याच. कुसाबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. भिकन मात्र स्टेशनपर्यंतच्या वाटेवर दोनदा म्हणाले, "कप चांगले व्हते."

शनिवारी विमलाबाईंची वाकळ पुरी झाली. यशोधराने ती उचलली आणि दोघी विमलाबाईंच्या घरी गेल्या. विमलाबाईंनी घडी मोडली, मधोमध हात ठेवला. त्यांना लगेच कळलं. रुईफुलीच्या कडेने टाक्यांची जुनी भोकं होती आणि त्यांच्या आत नवे टाके.

"हे काय झालं?"

कुसाबाईंनी घोटीत सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. यशोधरा मधे बोलायला गेली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. सांगून झाल्यावर त्या उभ्याच राहिल्या. समोरच्या बाईचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. कान देऊन त्या वाट पाहत होत्या.

विमलाबाई खाटेवर बसल्या. वाकळ त्यांच्या मांडीवर होती.

"आईला गाडीची फार भीती," त्या म्हणाल्या. "स्टेशनच्या एवढ्या जवळ राहून कधी गाडीत पाऊल ठेवलं नाही. इंजिन आलं की मागे सरायची." त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं. "तुम्ही तिला घोटीपर्यंत नेऊन आणलंत."

हे बोलताना त्यांचा आवाज हसत होता. कुसाबाईंनी तो नीट ऐकला, खात्री करून घेतली आणि मग खाली टेकल्या.

"बसा," विमलाबाई उशिराने म्हणाल्या. "यशोधरा, तू पण बस. चहा टाकते."

परत निघताना कुसाबाईंनी गाठोड्याचं रिकामं फडकं आणि दोऱ्याचं उरलेलं रीळ त्यांच्याकडे दिलं. विमलाबाई म्हणाल्या, रीळ राहू द्या तुमच्याकडे. कुसाबाईंनी ते खाटेवर ठेवलं.

सोमवारी मोतीबिंदू काढून झाला. मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या होत्या, डोळ्यांवर पट्टी. दुपारी यशोधरा पेज घेऊन आली. चमचा तोंडाशी नेण्याआधीच सासूने विचारलं.

"खुंट्यांवर काय हाय?"

"मामांची टोपी."

"आणि?"

"काय नाय, आत्या. सहा मोकळ्याच."

पेज अर्धी राहिली. पट्टीच्या आत अंधार होता आणि त्यात काहीच टांगलेलं नव्हतं. कुसाबाई झोपल्या. नर्सने दोनदा येऊन पाहिलं आणि उठवलं नाही.

दीड महिन्याने जाड भिंगांचा चष्मा आला. पहिले चार दिवस त्या घरातल्याच वाकळीचे आपले मागच्या वर्षीचे टाके पाहत बसल्या आणि म्हणाल्या, "हे असं वाकडं शिवत व्हते मी? कोणी बोललं नाय?"

"तुमच्यापुढं कोण बोलतंय?" भिकन म्हणाले.

पाचव्या दिवशी घोटीहून येणाऱ्या कोणाबरोबर धोंडाबाईने गाठोडं पाठवलं. वर निरोप होता, शेवंताच्या सासऱ्यासाठी हवी, पोटात काय घालायचं ते आम्ही भांडून ठरवू. कुसाबाईंनी गाठोडं यशोधराच्या हातात दिलं.

"किती गाठी मारायच्या, आत्या?"

"आता दिसतंय मला," त्या म्हणाल्या. मग चष्मा नीट करून म्हणाल्या, "तीन मार. आणि ध्यानात ठेव."

भिकन उठले आणि कोणी न सांगता त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली.