कुणासाठी उठायचं

२००६ साल. मला चौसष्टावं लागलं होतं. माझी मुलगी पीएचडी झाली त्या दिवसाबद्दल लिहितोय. आजवर हे कुणाला बोललो नाही. बायकोला माहीत आहे, कारण ती तिथे होती.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण डॉक्टरकीच्या डिग्र्या मला विचारा. मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात, बायोकेमिस्ट्री डिपार्टमेंटच्या दारात, मी चौतीस वर्षं शिपाई होतो. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष वॉर्डात राबायचं. मग एमडी नाहीतर एमएस, आणखी तीन वर्षं. त्याच्याही वर डीएम. चहा आधी कुणाला, मागून कुणाला, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. दारात माझं स्टूल होतं. एमबीबीएस झालेला कुणीही आला की मी उठून उभा राहायचो, मग तो काल पास झालेला पोरगा का असेना.

आमच्या डिपार्टमेंटला एक बाई होत्या. एमएस्सी, पीएचडी. वीस वर्षं त्यांनी शिकवलं. पहिल्या वर्षाची पोरं त्यांच्या हाताखालून जायची आणि पुढे मोठी सर्जन व्हायची. पण बाईंना पेशंट तपासता येत नव्हता, औषध लिहून देता येत नव्हतं. त्यांच्यासाठी मी उठलो नाही. एकदाही नाही. मी एकटाच असा होतो असं नाही, सगळ्या शिपायांची तीच रीत. एमडी झालेले ते सर आणि मॅडम, ह्या नुसत्या बाई. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून आम्ही धरून चाललो की त्यांनाही ते मान्य असणार.

माझी एकुलती एक मुलगी बारावीला मेडिकलच्या सीटपासून थोडक्यात राहिली. मी म्हटलं, पुन्हा बस. ती म्हणाली, नाही बसणार. माझीच मुलगी ती, नाही म्हणजे नाही. बीएस्सी केलं, एमएस्सी केलं, दुसऱ्या एका मेडिकल कॉलेजात शिकवायला लागली आणि तिथेच पीएचडीला नाव घातलं. तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात राहायला आलो होतो. नव्या घराच्या ओट्याशी उभी राहून तिने मला ते सांगितलं.

"किती वर्षांचा कोर्स?" मी विचारलं.

"कोर्स नाही अप्पा. संपेल तेव्हा संपेल."

"ही कसली डिग्री? एमबीबीएसला कसं, ह्या महिन्यात परीक्षा, त्या महिन्यात निकाल."

"त्यांना शिकायचं ते सगळं पुस्तकात आधीच आहे. मला जे शोधायचंय ते अजून कुणाला माहीत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"मग पेपर कोण तपासणार? ज्याला स्वतःला उत्तर माहीत नाही तो मार्क कसे देणार?"

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अप्पा, असं आमच्या गाइडनासुद्धा सुचलं नसतं." मला बरं वाटलं होतं. तेवढा एक दिवस आम्ही दोघं त्या विषयावर हसलो.

सात वर्षं लागली. डायबेटिसवाल्यांच्या रक्तात साखर कुठल्या प्रथिनाला चिकटते, असलं काहीतरी ती बघत होती. मी विचारलं, औषध निघणार का यातून? म्हणाली, "औषध काढणाऱ्याच्या उपयोगी पडेल कदाचित. वीस वर्षांनी." आणि नाही पडलं तर? "तर नाही पडलं." हे मला पटेना. डॉक्टर कसा, माणूस स्ट्रेचरवर आला तर चार दिवसांत पायांवर घरी पाठवतो. ते डोळ्यांना दिसतं. हिचं सात वर्षांचं काम दिसायचं कुणाला?

शेवटी तिचा व्हायव्हा ठरला. पीएचडीचा व्हायव्हा उघडा असतो. बाहेरगावचा परीक्षक येतो, सगळ्यांच्या देखत प्रश्न विचारतो, आणि मागच्या खुर्च्यांवर कुणीही बसू शकतं, घरची माणसंसुद्धा. एमबीबीएसच्या परीक्षेत असं चालत नाही. आठवडाभर आधी तिने विचारलं, "अप्पा, याल ना?"

"मला काय कळणार तिथे?"

"आईला तरी काय कळणार? ती येतेय."

मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिथे एमडीवाले येणार, आणि मी खुर्चीत बसलेला असणार. ते आत आले की बसून राहायचं की उठायचं, मला कळलं नसतं.

त्या दिवशी पावणेचारला घरचा फोन वाजला. "झालं, अप्पा." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पण घरात पाय ठरेना. खाली जाऊन सोसायटीच्या सेक्रेटरीला मीच सांगितलं. तो गुजराती माणूस, हौशी. "अरे काका, मिठाई कहाँ है?" म्हणत रंगीत खडू घेऊन आला आणि गेटजवळच्या बोर्डावर मुलीचं नाव लिहिलं, चारी कोपऱ्यांत फुलं काढली. नावाच्या आधी लिहिलं, डॉ.

तो आत गेल्यावर मी ते 'डॉ.' तळहाताने पुसलं.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका एमबीबीएस डॉक्टरचा दवाखाना होता. पेशंट नव्हते म्हणून तो दारात उभा होता. म्हणाला, "काका, ये क्या किया? उनका हक है."

"हक तुम्हारा है. तुम सुई लगाते हो."

"मेरी तो बॅचलर की डिग्री है काका. आपकी बेटी की डिग्री उससे बहुत ऊपर है. ये डॉक्टर शब्द भी पहले पढ़ानेवालों का था, हमको तो बाद में मिला."

"मुझे मत सिखाओ," मी म्हटलं. "चौंतीस साल निकाला है मेडिकल कॉलेज में."

तो दोन्ही हात वर करून आत गेला. तो म्हणत होता ते मला नवीन नव्हतं. बाईंची डिग्री वरची आहे, हे आमच्या डिपार्टमेंटच्या भिंतींनासुद्धा माहीत होतं. पण चौतीस वर्षं मी जे पाळलं ते आपल्या घरची मुलगी म्हणून मोडायचं, तर मग मी तिथे काय केलं?

सहाच्या सुमाराला दोघी आल्या. मुलीने आईची हिरवी साडी नेसली होती. सेक्रेटरी हसत पुढे झाला, बोर्ड बघून थबकला आणि म्हणाला, "हमने तो लिखा था. किसने मिटाया?" मी तिथेच होतो. म्हटलं, "मैंने." बायको म्हणाली, "अहो, काय हे!" मुलीने बोर्डाकडे बघितलं, सेक्रेटरीला थँक्यू म्हणाली आणि जिना चढली.

वर आल्यावर तिने हातपाय धुतले, माझ्यासमोर येऊन बसली. रागावलेली वाटली नाही. ते जास्त वाईट होतं.

"अप्पा, मी नववीत असताना तुम्ही मला एकदा कॉलेजात नेलं होतं. आठवतं?"

"आठवतं ना."

"तुमच्या त्या बाईंनी मला आत बोलावलं. दोन नळ्या दाखवल्या, एकीत थेंब टाकून तापवली तर निळ्याचं विटकरी झालं. का झालं ते मला समजेपर्यंत सांगत बसल्या. मेडिकलला मी पुन्हा बसले नाही ते त्यांच्यामुळे."

हे मला माहीत नव्हतं. चौदा-पंधरा वर्षं मी दोष भलत्याच गोष्टींना देत होतो.

"मग त्या बाहेर गेल्या," ती म्हणाली, "तुम्ही बसून होतात. मागोमाग एक मिसरूड फुटलेला इंटर्न आला, तर ताडकन उठलात. मी आतून बघत होते. आता एक विचारते. मी तुमच्या डिपार्टमेंटला असते, तर माझ्यासाठी उठला असता का?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने मला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. एक अक्षर बोलायचं होतं. खोटं निघालं असतं तरी मुलीने ते चालवून घेतलं असतं, हे मला आज कळतं.

मी म्हटलं, "नाही."

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि साडी बदलायला गेली.

बायको हळू आवाजात म्हणाली, "पोरीचं मन राखायला तुमचं काय जात होतं?" मी म्हटलं, मी खोटं बोलत नाही. तर म्हणाली, "गुडघा बरा आहे का आता?"

पुढे चार महिन्यांनी मुलीला हैदराबादला चांगली नोकरी लागली. ती आईला फोन करते. "अप्पांच्या गोळ्या चालू आहेत ना?" विचारते, मला ऐकू येतं. मला फोन द्यायला सांगत नाही. सणाला येते, पाया पडते, औषधं आणते. कुणी म्हणणार नाही की तिचं काही चुकतं. पण ओट्याशी हसून खाली बसली होती ती मुलगी मला परत दिसली नाही. डिपार्टमेंटच्या त्या बाई मी रिटायर व्हायच्या आधीच वारल्या, म्हणजे तिथेही आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

व्हायव्हाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला प्रबंधाच्या तीन प्रती बाइंडरकडे न्यायच्या होत्या. परीक्षकाने दोन पानं बदलायला सांगितली होती. काळ्या रेक्झिनचे तीन जाडजूड ठोकळे तिने पिशवीत भरले. मी लवकर उठून दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. म्हटलं, "दे, मी नेतो. बाइंडरकडे कायम मीच जायचो, एमडीवाल्यांच्या प्रती घेऊन. मला ठाऊक आहे कसं सांगायचं ते."

"नको अप्पा," ती म्हणाली. "जड नाहीत."

पिशवीच्या बंदाने तिच्या खांद्यावर खोल वळ पडला होता. मी चपला घातल्या आणि तिच्या मागे दोन जिने उतरून रिक्षापर्यंत गेलो, रिकाम्या हातांनी.